1966 मस्टँगला मॅन्युअल गिअरबॉक्स: टॉपलोडर, टी-5, टीकेएक्स की टी-56?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत 1966 ची फोर्ड मस्टँग, 289 घन इंची व्ही-8 इंजिन, टू-बॅरल कार्ब्युरेटर, कंपनीचा सी-4 ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल 3.00 चा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा) तीन फेरे फिरतो. गाडी सुट्टीच्या दिवशी काढायची, शहरातून फ्रीवेवर तासभर न्यायची. ड्रॅग स्ट्रिपवर जायचं नाही. ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवायचा, तर कोणता?

उत्तर आधी देतो: 1985 ते 1993 च्या व्ही-8 मस्टँगमधला वर्ल्ड क्लास टी-5 (पाच गिअरच्या टी-5 ची सुधारित आवृत्ती), 3.35 च्या पहिल्या गिअरचा, आणि एक्सल आहे तोच ठेवा. हे उत्तर तुमच्या 3.00 एक्सलमुळे आहे. एक्सल 3.50 चा असता तर वेगळं सांगितलं असतं. बहुतेक लोक गिअरबॉक्स आधी पसंत करतात आणि एक्सल किती आहे हे नंतर पाहतात. तिथेच पैसे वाया जातात.

म्हणून आधी एक्सलची खात्री करा. दरवाज्यावरच्या पाटीतला कोड फक्त गाडी कारखान्यातून कशी निघाली ते सांगतो. साठ वर्षांत कोणी काय बदललं ते त्यावर नसतं. डिफरन्शियलच्या बोल्टखाली पत्र्याचा टॅग शिल्लक असेल तर वाचा. नसेल तर गिअर न्यूट्रलमध्ये टाका, पुढच्या चाकांना अडणी लावा, मागचं एकच चाक जमिनीपासून उचला आणि ते हाताने बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे फिरेल तो तुमचा रेशो. शाफ्टवर खडूची खूण करून मोजलं की 2.80 आणि 3.00 मधला फरकही कळतो. डिफरन्शियल साधा असेल तरच ही रीत चालते. लॉकिंगवाला असेल तर दोन्ही चाकं उचलून, दोन्ही सोबत एक फेरा फिरवून मोजा.

आता हिशेब. पहिल्या गिअरचा रेशो गुणिले एक्सलचा रेशो हा आकडा 10 च्या आसपास आला की रस्त्यावरची व्ही-8 गाडी क्लच न जाळता सहज सुटते. 9 च्या खाली गेला की चढावर आणि सिग्नलला क्लच घासावा लागतो. 12 च्या वर गेला की पहिला गिअर टाकल्या-टाकल्या दुसरा टाकावा लागतो. सी-4 चा पहिला गिअर फक्त 2.46 चा आहे, 3.00 एक्सलवर गुणाकार 7.4 येतो, तरी गाडी छान सुटते. याचं कारण टॉर्क कन्व्हर्टर: गाडी जागची हलताना तो इंजिनचा टॉर्क वाढवून देतो. मॅन्युअलमध्ये ही मदत नाही. ‘ऑटोमॅटिकवर गाडी ठीक पळत होती’ म्हणून त्याच एक्सलवर कोणताही चार-स्पीड लावला की गाडी मंद वाटते, ती यामुळे.

दुसरा आकडा फ्रीवेचा. ताशी मैल गुणिले गिअर रेशो गुणिले एक्सल रेशो गुणिले 336, भागिले टायरचा व्यास इंचात. आलं ते आरपीएम. 25 इंची टायर आणि ताशी 65 मैल धरून एकेक बॉक्स पाहू.

फोर्डचा टॉपलोडर 1964 च्या मॉडेलपासून आला. ओतीव लोखंडाची पेटी, गिअर वरच्या झाकणातून भरलेले, म्हणून हे नाव. छोट्या ब्लॉकच्या (तुमच्या 289 सारख्या लहान व्ही-8 च्या) गाड्यांत बहुधा वाइड रेशो, म्हणजे गिअरांमध्ये जास्त अंतर असलेला संच असतो: 2.78, 1.93, 1.36, 1.00. क्लोज रेशोत पहिला 2.32 चा. तुमच्या 3.00 एक्सलवर वाइड रेशोचा गुणाकार 8.3, म्हणजे कमीच, आणि 65 ला इंजिन 2,620 आरपीएमवर. एक्सल 3.50 केला तर सुरुवात 9.7 वर छान येते, पण 65 ला 3,060 आरपीएम. तासभर त्या आवाजात बसणं सगळ्यांना मानवत नाही. मात्र गाडी मूळ स्वरूपात ठेवायची असेल, प्रदर्शनात न्यायची असेल, किंवा पुढेमागे विकताना ‘काळाला धरून’ असण्याला किंमत असेल, तर टॉपलोडरला पर्याय नाही. मजबुतीत तो तुमच्या इंजिनला कधीच कमी पडणार नाही. घेताना स्प्लाइन (शाफ्टवरच्या लांबट खाचा) मोजून घ्या: छोट्या ब्लॉकच्या बॉक्सचा मागचा शाफ्ट बहुधा 28 स्प्लाइनचा, मोठ्या ब्लॉकच्या ताकदवान इंजिनांचा 31 चा, आणि त्यांचा इनपुट शाफ्टही जाड, 1-3/8 इंचाचा असतो. तो तुमच्या क्लच प्लेटमध्ये जाणार नाही. त्यात जीएल-4 प्रतीचं 80डब्ल्यू-90 तेल घाला. जीएल-5 च्या काही तेलांतली रसायनं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) खातात.

टी-5 मुळात बोर्गवॉर्नरचा, पुढे ट्रेमेककडे गेला. 1985 ते 1989 च्या 5.0 लिटर मस्टँगमधले रेशो: 3.35, 1.93, 1.29, 1.00, 0.68. तुमच्या एक्सलवर सुरुवात 10.05, आणि पाचव्यात 65 ला जेमतेम 1,780 आरपीएम. टू-बॅरल 289 ची कमाल ओढ 2,400 आरपीएमला आहे, त्यामुळे सपाटीवर ती या फेऱ्यांना निवांत चालते. लांब चढ आला की चौथा टाकायचा. वजन सुमारे 75 पाउंड, म्हणजे लोखंडी टॉपलोडरपेक्षा चांगलाच हलका. मागचा शाफ्ट 28 स्प्लाइनचा, सी-4 सारखाच, त्यामुळे जुना योक (प्रोपेलर शाफ्टचं बॉक्समध्ये सरकणारं टोक) चालतो आणि बरेचदा प्रोपेलर शाफ्टही न कापता बसतो.

‘टी-5 कमजोर’ ही ओरड तुम्ही वाचलीच असेल. तिच्यात तथ्य आहे, पण ते तुमच्या गाडीला लागू होत नाही. पेटी अॅल्युमिनियमची आहे. जोराचा टॉर्क आणि चिकट टायर एकत्र आले की पेटी किंचित ताणते, आतले दोन शाफ्ट एकमेकांपासून लांब ढकलले जातात, दात टोकाला टेकतात आणि बहुधा तिसऱ्या गिअरचे दात उडतात. सुरुवातीच्या वर्ल्ड क्लास बॉक्सची क्षमता 265 फूट-पाउंड सांगितली जाते, आणि 289 टू-बॅरलचा जाहीर टॉर्क 282. हे पाहून लोक घाबरतात. पण 1966 चा आकडा ग्रॉस आहे: एअर फिल्टर, अल्टरनेटर, सायलेन्सर असं काहीही न लावता स्टँडवर मोजलेला. 1972 पासून कंपन्या नेट आकडे देऊ लागल्या. फोर्डने स्वतः हाच बॉक्स नेट 300 फूट-पाउंडच्या 5.0 इंजिनामागे, तुमच्यापेक्षा जड गाडीत, वर्षानुवर्षं विकला. सरळ चालवणाऱ्याच्या हातात तो टिकतो. क्लच न दाबता गिअर ओढणाऱ्याच्या हातात टिकत नाही.

नवा घ्यायचा झाला तर टी-5 चा झेड-स्पेक मिळतो: 330 फूट-पाउंड, रेशो 2.95, 1.94, 1.34, 1.00, 0.63. बॉक्स जास्त मजबूत आहे, तरी 3.00 एक्सलवर चुकीचा. सुरुवात 8.85 आणि पाचव्यात 1,650 आरपीएम. पहिल्यात क्लच जळणार, पाचव्यात इंजिन गुदमरणार. 3.50 एक्सलवर मात्र तोच बॉक्स सर्वांत गोड: 10.3 आणि 1,930. झेड-स्पेक घेणार असाल तर एक्सलचा खर्च त्याच दिवशी धरा. तुमच्या आठ इंची एक्सलचा गिअर संच पुढून अख्खा निघतो, त्यामुळे काम अवघड नाही, पण खर्च आहेच.

ट्रेमेकचा टीकेएक्स 600 फूट-पाउंडचा, वजन सुमारे 99 पाउंड. त्याचा 3.27 पहिला आणि 0.72 पाचवा असलेला संच तुमच्या एक्सलवर नीट बसतो: 9.8 आणि 1,890. इनपुट 26 स्प्लाइनचा, आउटपुट 31 चा, म्हणजे क्लच प्लेट आणि योक दोन्ही नवे. पुढे 347 स्ट्रोकर (जास्त घन इंचांचं केलेलं) वगैरे इंजिन करायचा ठाम विचार असेल तर आत्ताच टीकेएक्स घ्या, दोनदा खर्च होणार नाही. नुसताच ‘कधीतरी करू’ असेल तर टी-5.

टी-56 मॅग्नमबद्दल फार लिहीत नाही. सहा गिअर, 700 फूट-पाउंड, सुमारे 135 पाउंड वजन, आणि या गाडीत बसवायला जमिनीतला उंचवटा, म्हणजे टनेल, कापून नव्या पत्र्याने वेल्ड करावा लागतो. 200 अश्वशक्तीच्या इंजिनाला सहा गिअर हा नुसता थाट आहे.

जुना टी-5 घेताना शेपटीकडच्या बोल्टखालचा टॅग बघा. 1352 ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि त्यावरून रेशो नक्की कळतात. टॅग नसेल तर इनपुट फिरवून आउटपुटचे फेरे मोजा, कारण चार सिलिंडरच्या मस्टँगचा टी-5 बाहेरून तसाच दिसतो आणि त्याचा पहिला गिअर 3.97 चा असतो. 1983-84 चा बॉक्स वर्ल्ड क्लास नाही. 1994-95 च्या बॉक्सचा इनपुट शाफ्ट लांब आहे, त्याला बेल हाउसिंगही (इंजिन आणि बॉक्स जोडणारं घंटेच्या आकाराचं कवच) वेगळं लागतं. कॅमारोचा टी-5 सुमारे 17 अंश कलून बसतो, तो या गाडीसाठी बघूच नका. मग झाकण उघडा आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या बाजूचे छोटे अणकुचीदार दात पाहा. टोकं गोल झाली असतील तर सिंक्रो बरीच वर्षं मार खात आलेत. तेलात बारीक सोनेरी चमक असेल तर घाबरू नका, पण चिमटीत येणारे तुकडे असतील तर बॉक्स सोडून द्या. वर्ल्ड क्लासमध्ये 2.8 क्वार्ट डेक्सरॉन ऑटोमॅटिक तेल जातं. ‘गिअरबॉक्स आहे, जाडच तेल हवं’ म्हणून 90 नंबर घातलं की थंडीत दुसरा गिअर पडत नाही आणि दोष बॉक्सला दिला जातो.

आता बाकीचं सामान. फसगत इथेच जास्त होते. इंजिन मूळचं असेल तर ब्लॉकला बेल हाउसिंगचे सहा बोल्ट असतील. ऑगस्ट 1964 पर्यंतच्या 260 आणि 289 ना पाच होते, आणि त्यांचं बेल हाउसिंग वेगळं. बोल्ट मोजल्याशिवाय काही मागवू नका. फ्लायव्हील 157 दात्यांचं आणि 28 औंस असमतोलाचं (मुद्दाम एका बाजूला तेवढं जड ठेवलेलं) हवं. 1980 च्या दशकातल्या 5.0 इंजिनाचं फ्लायव्हील 50 औंसचं असतं. बोल्टांना ते बिनतक्रार बसतं आणि इंजिन सुरू केल्यावर अख्खी गाडी थरथरते. टी-5 सोबत त्याच जुन्या गाडीचं फ्लायव्हील स्वस्तात मिळतं, म्हणून ही गफलत फार होते. फ्लायव्हीलचे बोल्ट 75 ते 85 फूट-पाउंडला, आट्यांना सीलंट लावून, कारण ती भोकं आत क्रँककेसमध्ये उघडतात. सीलंट विसरलात तर क्लचवर तेल येईल. क्रँकच्या टोकात नवा पायलट बुश (इनपुट शाफ्टचं टोक पेलणारा) ठोका, ऑटोमॅटिकला तो लागत नसतो. इंजिन आणि बेल हाउसिंगमधली पत्र्याची पातळ प्लेट मॅन्युअलची घ्या आणि स्टार्टरही मॅन्युअलचाच. ऑटोमॅटिकच्या स्टार्टरचं नाक वेगळ्या खोलीवर असतं, त्याचे दाते रिंगवर नीट चढत नाहीत.

एक काम मात्र बहुतेक जण गाळतात: बेल हाउसिंगचं मधलं भोक क्रँकच्या केंद्राशी जुळतं का, हे मोजणं. साठ वर्षांचा ब्लॉक आणि दुसऱ्याच कोणाचं बेल हाउसिंग यांचं आपोआप जुळेल असं धरू नका. फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँडने डायल गेज बसवा, त्याचं टोक भोकाच्या आतल्या कडेला टेकवा, स्पार्क प्लग काढा आणि इंजिन हाताने सावकाश पूर्ण एक फेरा फिरवा. काट्याची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त नोंद यांतला फरक 0.005 इंचाच्या आत हवा. समजा 0.018 आला. केंद्र प्रत्यक्षात त्याच्या निम्मं, म्हणजे 0.009 इंच सरकलेलं आहे. सरकत्या मापाच्या डॉवेल पिना 0.007, 0.014 आणि 0.021 इंचांत मिळतात. इथे 0.007 च्या घ्या, 0.002 उरेल, गेजवर 0.004 दिसेल, चाललं. दिशा अशी ठरवा: जिथे गेजचं टोक सर्वांत जास्त दाबलं जातं तिथली कड केंद्राच्या जास्त जवळ आहे, म्हणून बेल हाउसिंग त्याच बाजूला सरकवायचं. दोन्ही पिनांचा उंच भाग एकाच दिशेला वळवा, नाहीतर बेल हाउसिंग बसणारच नाही. मग त्याच गेजने मागचा सपाट चेहराही तपासा. हे न करता बसवलेल्या गाड्यांत काही महिन्यांनी पायलट बुश झिजतो, इनपुट बेअरिंग गुरगुरतं, गरम झाल्यावर गिअर कडक लागतात, आणि मालक ‘चांगला बॉक्स मिळाला नाही’ म्हणत दुसरा शोधायला लागतो.

बॉक्स चढवताना तो इनपुट शाफ्टवर लोंबकळत ठेवू नका, क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. शेवटचा अर्धा इंच राहिला म्हणून बोल्ट आवळून ओढू नका; टी-5 चे अॅल्युमिनियमचे कान असेच फुटतात. जात नसेल तर काहीतरी अडतंय. मागच्या योकला हाताने किंचित फिरवा, स्प्लाइन जुळले की तो आपण होऊन आत जातो.

क्लच दाबण्याच्या तीन पद्धती आहेत: मूळचा झेड-बार (पेडलची ओढ क्लचपर्यंत नेणारा दांडा), केबल आणि हायड्रॉलिक. मूळ एक्झॉस्ट असेल तर झेड-बार घ्या. साधा आहे, दुरुस्त करता येतो, टी-5 ला जुन्या चार-स्पीडचं बेल हाउसिंग आणि मधली अडॅप्टर प्लेट लावली की जुळतो. ब्लॉकवर त्याच्या गोळ्याचं आटे पाडलेलं भोक आहे ना, तेवढं बघा. हेडर (बदललेले एक्झॉस्ट पाइप) लावले असतील तर झेड-बारची वाट अडते. मग हायड्रॉलिक, आणि त्यातही स्लेव्ह सिलिंडर (क्लच ढकलणारा) बेल हाउसिंगच्या बाहेरचा. आतल्या गोल हायड्रॉलिक बेअरिंगला गळती लागली की अख्खा बॉक्स उतरवावा लागतो. तरी तोच घेतलात तर बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या) बोटांमधलं अंतर त्याच्या कागदावर दिलंय तेवढंच ठेवा, साधारण 0.150 ते 0.200 इंच. मास्टर सिलिंडर लावाल तिथे फायरवॉलला आतून जाड पट्टी द्या, नुसता पत्रा पेडलसोबत आत-बाहेर होतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही.

पेडलचा संच मॅन्युअल गाडीचा लागेल, ब्रेकचं पेडलही अरुंद. त्यात पेडलला मदत करणारी एक मोठी स्प्रिंग असते. ती जुन्या तीन बोटांच्या जड प्रेशर प्लेटसाठी आहे. डायफ्राम प्रेशर प्लेट लावलीत तर ती स्प्रिंग काढा किंवा हलकी लावा. नाहीतर जास्त आरपीएमवर गिअर बदलताना पेडल खालीच चिकटून राहतं.

क्रॉसमेंबर टी-5 साठीचा वेगळा घ्या, बॉक्सचा रबर माउंट मागे येतो. कन्व्हर्टिबलला खाली जादा मजबुती असते, तिचा क्रॉसमेंबर वेगळा, मागवताना बॉडी सांगा. गाडी चाकांवर उभी असताना योक पूर्ण आत ढकलून मग पाऊण ते एक इंच बाहेर राहतो का पाहा. इंजिन-बॉक्सचा कल आणि डिफरन्शियलच्या नाकाचा कल जवळपास सारखा पण उलट हवा, फरक एका अंशाच्या आत. ताशी 50-60 ला घुमणारी थरथर आली तर शाफ्ट बॅलन्स करायच्या आधी हे कोन मोजा.

स्पीडोमीटरची केबल 1993 पर्यंतच्या टी-5 ला चालते. केबलच्या टोकाच्या छोट्या गिअरचे, म्हणजे पिनियनचे, दात काढायचे ते असे: बॉक्समधल्या ड्राइव्ह गिअरचे दात गुणिले एक्सल रेशो गुणिले टायरचे मैलामागचे फेरे, भागिले 1,000. सात दात, 3.00 एक्सल आणि 830 फेरे धरले तर 17.4, म्हणजे 17 दातांचा घ्या.

सी-4 काढल्यावर मागे राहणाऱ्या गोष्टींत एक फार छळते. त्या बॉक्सच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरला इंजिनाकडून नळी आलेली असते. ती इंजिनच्या टोकाला बंद करा. उघडी राहिली तर आयडलिंग डुगडुगतं आणि लोक कार्ब्युरेटर उघडून बसतात. किकडाउनचा रॉड (ऑटोमॅटिकला खालचा गिअर पाडायला लावणारा) काढा, रेडिएटरमधल्या तेलाच्या दोन्ही जागा प्लगने बंद करा. न्यूट्रल स्विचच्या ज्या दोन तारांनी स्टार्टर चालतो त्या क्लच पेडलवरच्या स्विचला द्या. नुसत्या जोडून टाकल्या तर गाडी गिअरमध्ये असतानाही सुरू होईल. रिव्हर्स दिव्याच्या तारा टी-5 वरच्या स्विचला जातात.

शेवरलेटवाल्यांसाठी थोडंसं. मन्सी चार-स्पीड 1963 ते 1974 चा. इनपुट शाफ्टवर दोन खाचा म्हणजे एम-20, एक म्हणजे एम-21, एकही नाही म्हणजे एम-22. पण शाफ्ट बदललेले असतात, म्हणून 1966 नंतरच्या बॉक्सवर इनपुटचे दात मोजा: 21 असतील तर एम-20, 26 असतील तर एम-21 किंवा 22. नावाच्या दबदब्यामुळे लोक 2.20 च्या पहिल्या गिअरचा एम-22 शोधत फिरतात आणि 3.08 एक्सलवर लावतात, गुणाकार 6.8. रस्त्यावरच्या गाडीला 2.52 चा एम-20 बरा. डॉज-प्लिमथमध्ये 1975 पासूनचा ओव्हरड्राइव्ह ए-833 स्वस्तात मिळतो: 3.09, 1.67, 1.00, 0.73. पहिल्या-दुसऱ्यातली दरी मोठी आहे, पण जास्त फेऱ्यांची हौस नसेल तर चालतो. ऑटोमॅटिक गाडीच्या जमिनीत चार-स्पीडचा उंचवटा नसतो, तो पत्रा आधी मिळवा आणि मगच बॉक्सचे पैसे द्या.

बसवून झाल्यावर नव्या क्लचला पहिले 500 मैल शहरातच, वारंवार गिअर बदलत चालवा. फ्रीवेवरचे 500 मैल यात धरू नका, तिथे क्लच जवळपास वापरलाच जात नाही.